शिडी धरणारं माणूस

औरंगाबादेत एका वहीत माझं नाव लिहिलेलं होतं. नाव म्हणजे पाळण्यातलं नव्हे, "पिशोरवाली" एवढंच. ते एका शब्दापुढं लिहिलेलं होतं आणि त्या शब्दापुढं दुसऱ्या कुणाचंही नाव नव्हतं. ज्यांनी ते लिहिलं त्यांना लाल शाईनं नावं खोडायची खोड होती. मी त्यांच्याशी जशी वागले, त्यानंतर त्यांनी माझं नाव खोडलं की ठेवलं, हे मला सोळा वर्षं कळलं नाही. या सोळा वर्षांत दोन पोरं झाली, तीन बिऱ्हाडं बदलली, केस पिकायला लागले, आणि तरी पोळी लाटताना मध्येच हात थांबायचा तो याच गोष्टीपाशी.

ते आमचे घरमालक. सगळी गल्ली त्यांना उस्ताद म्हणायची, म्हणून आम्हीही म्हणायचो. त्यांनी तीस वर्षं शाळेत उर्दू शिकवलेली. तेव्हा निजामाचं राज्य, शाळा काय नि कचेरी काय, सगळं उर्दूत. खेड्यापाड्यांतून आलेली मराठी पोरं शब्द धडाधड पाठ करायची आणि अर्थाच्या नावानं बोंब. त्यांच्यासाठी उस्तादांनी एक वही सुरू केली. पहिल्या रकान्यात उर्दू शब्द, दुसऱ्यात मराठी अर्थ, आणि तिसऱ्यात एक माणूस. ज्याला तो शब्द तंतोतंत लागू पडेल असं, जिवंत आणि हाकेच्या अंतरावरचं. असं माणूस सापडल्याशिवाय शब्द वहीत पुरा झाला असं ते धरत नसत. "जिसका आदमी नहीं, वो लफ्ज किस काम का?" असं त्यांचं म्हणणं. पुढं नोकरी संपली, शाळा सुटली, पोरं गेली, पण वही काही सुटली नाही.

ती वही गल्लीत भारी बदनाम होती. "बेवक्त" या शब्दापुढं आमच्याच घरातल्या एका भाडेकरू कंपाउंडरचं नाव होतं, कारण तो नेमका लोकांच्या जेवणाच्या वेळी गप्पा मारायला यायचा. "नाजूक" पुढं दूधवाल्याची बकरी. "बेफिकीर" पुढं मशिदीतलं मांजर. "वफादार" पुढची तीन नावं एकापाठोपाठ एक लाल शाईनं खोडलेली आणि चौथ्या जागी त्यांची स्वतःची छत्री. बावीस वर्षं टिकली होती म्हणे. स्वतःचं नाव त्यांनी पाच ठिकाणी लिहिलं होतं. जिद्दी, शक्की, तुसडा, कंजूस. पाचवा शब्द कोणता होता तो त्यांनी मला कधी दाखवला नाही. चांगल्या शब्दापुढं नाव लागावं म्हणून लोक त्यांना ईदेला शिरखुर्मा आणि दिवाळीला करंज्या पाठवायचे. उस्ताद सगळं खायचे आणि नाव लिहायचे नाहीत.

मी त्या घरात आले ती लग्न होऊन जेमतेम महिना झालेला. माहेर पिशोरचं. यजमान कचेरीत कारकून. खोली बघायला गेलो तर उस्ताद दारात उभे. उंच, वाळलेले, शेरवानीची सगळी बटणं भर उन्हात गळ्यापर्यंत लावलेली. पगार विचारला नाही, जात विचारली नाही. विचारलं काय, तर "दिवसातून किती वेळा दार लावता?"

यजमानांना वाटलं, चोराचिलटांची काळजी असेल. ते म्हणाले, "सारखं लावलेलंच राहतं जी. तुम्ही घोर करू नका."

उस्तादांचा चेहरा पडला. मग त्यांनी माझ्याकडं हात करून विचारलं, "और ये? मिलनसार हैं?"

"ही? लई मिलनसार!" यजमान म्हणाले.

मी मागं ट्रंकेवर बसले होते. पदर नाकापर्यंत, नजर जमिनीत. आल्यापासून तोंडातून चकार शब्द काढला नव्हता. उस्तादांनी माझ्याकडं एकवार बघितलं आणि किल्ली देत म्हणाले, "देखते हैं." असं मी एका शब्दाच्या थापेवर त्या घरात राहायला आले.

घर धाब्याचं. मधे चौक, चौकाभोवती खोल्या आणि वर मातीचं सपाट माळवद. पापड वाळवायचे माळवदावर, मिरच्या तिथं, गाद्यांना ऊन तिथं. पण वर जायला जिना नव्हता. साऱ्या घराला मिळून एक लाकडी शिडी आणि तिचा एक पाय दुसऱ्याहून चार बोटं तोकडा. खालून कुणी धरल्याशिवाय त्या शिडीवर चढता यायचं नाही, उतरता तर त्याहून नाही. नव्या भाडेकरूला पहिल्या आठवड्यातच वाटायचं की मालक कंजूष आहे, आणि वहीत तसं लिहिलेलंही होतंच. पण एकदा एक सुतार चौकात दुसरं काम करत होता, तो म्हणाला, उस्ताद, दोन खिळ्यांचं काम आहे, फुकट करून देतो. उस्ताद त्याच्यावर असे धावून गेले की बिचारा रंधा विसरून गेला. "दुरुस्त करणार! मग माणूस एकटा चढंल ना!" ते ओरडत होते. "एकटा चढंल, एकटा उतरंल. फिर नीचेवाले किस काम के?"

मला मात्र हे काहीच ठाऊक नव्हतं. वैशाखातली गोष्ट. मुगाची डाळ वाटली, पातेलं काखेत मारलं आणि सांडगे घालायला एकटीच शिडीवर चढले. वर पाय ठेवला आणि मागं शिडी धाडकन चौकात पडली. झालं. आता हाक मारायची. खाली खैरुन्निसा खाला होत्या, हिमरू कापड विणणाऱ्याची विधवा, त्या आपल्या खोलीत सुताचा रहाट फिरवत गाणं म्हणत होत्या. मला ते स्पष्ट ऐकू येत होतं. पलीकडं कंपाउंडर घोरत होता. मी तोंड उघडायची आणि मिटायची. काय म्हणून हाक मारू? मावशी म्हणू, खाला म्हणू, अहो म्हणू? माझी पिशोरची बोली ऐकून हसल्या तर? मी सांडगे घातले, मग कठड्याच्या वीतभर सावलीत अंग चोरून बसले. कचेरी सुटून यजमान येईपर्यंत दोन अडीच तास मी त्या उन्हात बसून होते.

खाली उतरले तर उस्ताद चौकात उभे, काठी आपटत. "इतना बडा घर! इतनी बडी गल्ली! हाक का मारली नाय?"

मी पदर सारखा केला.

"शिडी पडली तेव्हा मी ऐकलं होतं," ते म्हणाले. "मी खोलीत वाट बघत बसलो. म्हटलं, आता मारील, आता मारील."

माझं डोकंच फिरलं. उन्हानं म्हणा, रागानं म्हणा. "म्हंजे तुम्ही ऐकलं आन् मला उन्हात बसू दिलं? म्हाताऱ्या माणसाला ह्ये शोभतं व्हय?"

यजमानांनी कपाळाला हात लावला. आणि उस्ताद हसले. त्यांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदाच बघितलं, वरचे दोन दात नव्हते. "हां! अब बोली! बोलती है, बोलती है!" असं म्हणत त्यांनी खालांना बाहेर बोलावलं. मग मला म्हणाले, "जिसका नाम पहले मुंह पे आए, उसको पुकारना बेटी. सोचना नहीं."

"कुणाचंच येत नव्हतं," मी म्हटलं आणि मला रडू आलं.

ते जरा वेळ काठीच्या टोकानं जमीन उकरत राहिले. "मेरा भी ऐसाइच है," असं म्हणाले, खोलीत गेले आणि दार लावून घेतलं.

हे त्यांचं कोडं मला पुढं हळूहळू उलगडलं. गल्लीला दारं उघडी ठेवायला लावणाऱ्या या माणसाचं स्वतःचं दार कायम बंद. सगळ्यांना एकमेकांना हाका मारायला लावायची आणि आपण कुणाला मारायची नाही. आमच्या घरात माळवदावर न जाणारं माणूस एकच, ते म्हणजे उस्ताद. खालांनी मला सांगितलं, "उस्तादनी थी ना, वो पकडती थी इनकी सीढी. वो गई तब से नौ साल हो गए, ऊपर नहीं चढे." उस्तादनी म्हणजे त्यांची बायको. माळवदावर उभी राहिली की चहूकडच्या माळवदांवरच्या बायका आपापलं काम टाकून कठड्याशी यायच्या म्हणे. कुणाच्या घरी दुखणं असो, भांडण असो, पहिली हाक तिला. वहीत एका पानावर "मिलनसार" हा शब्द होता. अर्थाची जागा कोरी आणि नावाचीही कोरी. उस्तादनी असताना त्यांना ते पान भरायचं सुचलं नव्हतं आणि ती गेल्यावर त्यांच्याच नियमानं तिचं नाव लिहिता येत नव्हतं. जिवंत माणूसच हवं ना.

त्या कोऱ्या जागेवर डोळा सगळ्यांचा. कंपाउंडर तर उघडच म्हणायचा, "माझ्याइतका मिलनसार दाखवा जी शहरात. एक घर सोडलं नाय मी." उस्ताद म्हणाले, "तू सगळ्यांकडं जातोस मियां, ते खरं. तुझ्याकडं कोण येतं?" त्यानंतर तो चार दिवस कुणाच्या जेवणात आला नाही.

एकदा मीच धीर करून म्हटलं, "आमच्यात मनमिळाऊ म्हणत्यात. लिहा की अर्थ म्हणून." उस्तादांनी मान डोलावली आणि दोन दिवस विचार केला. त्यांचं असंच, शब्द दिला की दोन दिवस जेवण गोड लागायचं नाही. तिसऱ्या दिवशी मला विचारलं, "ये मनमिळाऊ किसको बोलते तुम लोग?"

"सुनंला. पोरगी बघायला येत्यात तव्हा सांगत्यात, आमची लेक लई मनमिळाऊ हाय."

"मतलब?"

मी विचार केला. खरंच, काय मतलब? "उलटून बोलत नाय. पडंल ते काम करती."

"बस? मग बैल पण मनमिळाऊच की!" असं म्हणून ते इतके हसले की खोकला लागला. मलाही हसू आलं, पण रात्री आठवून वाईटही वाटलं, कारण पिशोरला माझ्याबद्दल हेच सांगितलं होतं. मग ते म्हणाले, "नक्को बेटी. वो अच्छा लफ्ज है, मगर वो दूसरा है. मिलनसार म्हणजे... जिसको पुकारने के लिए जुमला नहीं बनाना पडता. आधी वाक्य जुळवावं लागत नाय. तोंडातून आपोआप हाक निघती." आणि हे सांगताना त्यांची नजर शिडीवर होती.

त्यांनी मला माणसांत आणलं ते या शिडीच्या जोरावर. रोज काहीतरी वर वाळत घालायला लावायचे आणि रोज खालांना हाक मारायला लावायचे. खोलीतून ऐकत असायचे. मी पुटपुटले की आतून काठी वाजायची, मोठ्यानं. महिन्याभरात मी "खाला, शिडी!" असं एवढ्या जोरात ओरडायला लागले की कंपाउंडरची दुपारची झोप गेली. मग उलटंही सुरू झालं. खालांना वर जायचं असलं की त्या ओरडायच्या, "ए पिशोरवाली!" शेजारच्या घरच्याही ओरडायला लागल्या. कणकेचे हात तसेच घेऊन मी धावायची, शिडीच्या तोकड्या पायावर पाय रोवून दोन्ही हातांनी ती धरायची. हाताला लाकडाची कुसं लागायची. मला त्याचं इतकं सुख वाटायचं की ते कुणाला सांगण्याचीही सोय नव्हती. पिशोरहून आई आली, चार दिवस राहिली आणि जाताना म्हणाली, "बये, तुझा आवाज किती मोठा झाला गं."

त्या वर्षी रमजान संपत आला. चंद्र दिसतो का बघायला सगळी माळवदावर. शिडी धरून सगळ्यांना वर चढवलं आणि दूध उतू जाईल म्हणून मी खालीच राहिले. खोलीबाहेर डोकावले, तर चौकात उस्ताद उभे. शेरवानी, काठी, आणि एक हात शिडीवर. किती वेळ उभे होते कोण जाणे. दरवर्षी ते खालूनच विचारायचे, "दिसला का?" यंदा विचारलं नव्हतं. माझ्याकडं बघून त्यांनी दोनदा घसा खाकरला. तीस वर्षं शब्द शिकवलेल्या माणसाला शब्द सापडेना. मी दुधाकडं वळले आणि मागून आवाज आला.

"बेटी, सीढी."

मी दूध विसरले. शिडी धरली. म्हातारा एकेक पायरी थांबत थांबत वर गेला. वरून खालांचा आवाज आला, त्यात रडू होतं, "आओ उस्ताद, वो देखो, वहां, नीम के ऊपर." दूध उतू गेलं होतं. मी तशीच शिडी धरून उभी राहिले, उस्ताद खाली येईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी नमाज पढून आल्यावर त्यांनी मला वही दाखवली. मिलनसार. पुढं मराठीत, वर रेघ न मारता लिहिलेल्या त्यांच्या वाकड्या अक्षरांत: शिडी धरणारं माणूस. आणि त्यापुढं: पिशोरवाली.

"मी?" मी घाबरलेच. "मला तर अजून चार माणसांत बोलता येत नाय."

"बोलने की बात कौन कर रहा?" ते म्हणाले. "मैंने आवाज दी और मुझे शर्म नहीं आई. बस."

मी चौथी शिकलेली बाई. माझं नाव चांगल्या कारणासाठी कुणी कुठं लिहिलं असेल तर तेवढंच. आजही सांगताना ऊर भरून येतो.

त्यानंतर ते रोज वर जायला लागले. दुपार कलली की मला हाक, मी शिडी धरायची. मग म्हणायचे, "जा बेटी, काम कर. मैं आवाज दूंगा." वर बसून ते वही बघायचे. तिथून गल्लीचं तोंड दिसायचं, त्यापुढचा टांग्यांचा रस्ता आणि लांब स्टेशनाकडचा धूर. पाचच्या सुमाराला असरची अजान झाली की खाली हाक यायची आणि उतरून ते मशिदीत जायचे. मशिदीतली नमाज त्यांनी तापातसुद्धा चुकवली नव्हती.

पण दिवस फिरले होते. ते रियासतीचं शेवटचं वर्ष होतं, अर्थात तेव्हा ते शेवटचं आहे हे कुणाला ठाऊक? लोक मुकाट्यानं सरहद्द ओलांडून खानदेशात, वऱ्हाडात निघून जात होते. कोण निघालं नि कोण राहिलं यावर डोळा ठेवणारी माणसं होती आणि कचेरीतली माणसं स्टेशनावरून परत आणल्याच्या गोष्टी रोज कानावर यायच्या. यजमान रात्री झोपेत दचकायचे. कचेरीत कुणीतरी त्यांच्यावर खार खाऊन होतं. मी म्हणायची, उस्तादांना विचारू. ते म्हणायचे, "भल्या माणसाला कशाला अडचणीत घालायचं? आणि अलीकडं कुणाचा भरवसा देता येतो?"

श्रावणातली उघडीप होती. पावसानं वही दमटली म्हणून उस्ताद जरा लवकरच तिला ऊन दाखवायला वर गेले. मी शिडी धरली. "जा, मैं आवाज दूंगा," ते म्हणाले. खाला शहागंजाच्या बाजारात गेल्या होत्या, कंपाउंडर दवाखान्यात. तासाभरानं यजमान भलत्याच वेळी घरी आले. चेहरा पांढरा. "टांगा गल्लीच्या तोंडाशी उभा आहे. मनमाडची गाडी धरायची. आत्ता. कुणाला एक शब्द बोलायचा नाही."

"उस्ताद वर हायेत," मी म्हटलं.

"असू देत."

"घरात कुणी नाय. शिडी धरायला कुणी नाय."

"मला स्टेशनावरून धरून आणलेलं पाहायचंय का तुला?" यजमान म्हणाले. मी ट्रंक ओढली.

एक ट्रंक, एक वळकटी. चुलीवरची भाजी तशीच. चौकातून जाताना मी शिडीपाशी थांबले, तिच्यावर हात ठेवला. वरून पानं उलटल्याचा आवाज येत होता. एक हाक मारली असती तर पुरे होतं, उस्ताद, उतरा आधी. तोंड उघडलं आणि मिटलं. पहिल्या वैशाखात मिटलं होतं तसंच. मग मी दाराचा पडदा सारून बाहेर पडले.

गाडीनं शिट्टी दिली तेव्हा मला वाटलं, आता अजान होऊन गेली असेल. त्यांनी हाक मारली असेल. एकदा, दोनदा. मग त्यांना कळलं असेल की खाली कुणी नाही. पासष्टीचं माणूस, ती लंगडी शिडी. मी रडत होते आणि यजमानांना वाटलं, घर सुटलं म्हणून रडतेय.

आम्ही जळगावला राहिलो ते राहिलोच. रियासत गेली, भीती गेली, पण मी औरंगाबादेला गेले नाही. पत्र लिहावं तर काय लिहावं? आधी भीती होती, नंतर लाज. वर्षा दोन वर्षांनी कानावर आलं की उस्ताद हैदराबादला लेकीकडं गेले आणि तिथंच वारले. त्या रात्री मी यजमानांशी बोलले नाही. त्यांचा दोष नव्हता, हे मला कळत होतं, तरी बोलले नाही. म्हटलं, आता विचारायला पण माणूस उरलं नाही. शिडीवरून पडून काही मोडलं होतं का त्यांचं? लाल शाई काढली असेल का?

सोळा वर्षांनी वेरूळला देवदर्शनाला गेलो. येताना गाडी खुलताबादला थांबली. दर्ग्याच्या रस्त्याला फुलांची दुकानं आहेत. एका दुकानात एक म्हातारी माळ ओवत गाणं म्हणत होती. ते गाणं मी अडीच तास उन्हात बसून ऐकलेलं. मी पुढं होऊन काही बोलायच्या आत तिनंच मान वर केली आणि ओरडली, "ए पिशोरवाली!"

खैरुन्निसा खाला. भावाकडं येऊन राहिल्या होत्या. गळ्यात पडलो. कशी आहेस, पोरं किती, हे त्या विचारत होत्या आणि माझ्या तोंडून निघालं ते एवढंच, "खाला, ते खाली कसे उतरले?"

कोण, कधी, हे त्यांनी विचारलं नाही. त्यांनी मला फुलांच्या टोपल्या सारून बसायला जागा केली.

"आधी सांगा, माझं नाव खोडलं का?"

"मुझे पढना कहां आता, बाई? किताब उनके साथ हैदराबाद गई." मग म्हणाल्या, "मगर शाई मीच आणायची ना त्यांची. उस दिन के बाद लाल शाई कभी नहीं मंगाई. काळीच मंगाई."

मग त्यांनी सांगितलं. त्या शहागंजातून आल्या तर चौकात शिडी उभी, धरणारं कुणी नाही आणि उस्ताद वर कठड्याशी. खाला म्हणाल्या, उतरता का, मी धरते. उस्ताद म्हणाले, नक्को. तेवढ्यात बाहेर कचेरीचा शिपाई आला. दाराला पडदा, त्याला आतलं काही दिसत नव्हतं. त्यानं ओरडून विचारलं, बाबूसाब कहां हैं? उस्ताद माळवदावरून म्हणाले, "घर में हैं. तबीयत नासाज है, सोए हैं. बेटी यहां मेरी सीढी पकड के खडी है, अभी दरवाजे पे नहीं आ सकती. कल आना."

"मैं वहींच खडी थी," खाला म्हणाल्या. "सीढी के पास कुत्ता भी नहीं था. उस्ताद झूठ बोले! जिंदगी में पहली बार सुना मैंने."

शिपाई गेला. अजान झाली. खाला म्हणाल्या, उस्ताद, नमाज. ते जागचे हलले नाहीत. नमाज वरच पढले आणि पुन्हा स्टेशनाकडं तोंड करून बसले. खालांनी काही विचारलं की ओठावर बोट. टांगा त्यांनी वरून बघितला होता. ट्रंक बघितली होती, मला बघितलं होतं. हाक मारली असती तर गल्ली गोळा झाली असती, आणि आम्ही नाही हे तिथल्या तिथं सगळ्यांना कळलं असतं. म्हणून हाक मारली नव्हती.

"फिर गाडी की सीटी हुई," खाला म्हणाल्या. "दूर चली गई, सुनाई देना बंद हो गया, तब तक बैठे. फिर उठे. मेरे को बोले, खैरन, अब तू पकड सीढी. पिशोरवाली के हाथ दुख गए होंगे."

मी त्या फुलांत बसून लहान पोरासारखी रडले. गाडीवाला भोंगा वाजवत होता, यजमान लांबून हाका मारत होते, आणि खाला माझे हात हातात घेऊन बसल्या होत्या, सगळ्या हातांना झेंडूचा वास.

आता जळगावात आमचं स्वतःचं घर आहे. गच्ची आहे, तिला पक्का जिना आहे, जिन्याला कठडा आहे. मी दर उन्हाळ्यात सांडगे घालते. पातेलं घेऊन एकटी वर जाते, एकटी खाली येते. कुणाला हाक मारावी लागत नाही.